रमाबाई रानडे

रमाबाई महादेव रानडे (जन्म : देवराष्ट्रे, २५ जानेवारी १८६२; मृत्यू : १९२४) या एक मराठी समाजसेविका, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि लेखिका होत्या. पुण्याच्या सेवासदन संस्थेच्या त्या संस्थापक-अध्यक्षा होत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्यांचे पती. लग्नाच्या वेळी निरक्षर असलेल्या रमाबाईंनी पतीच्या मार्गदर्शनाखाली मराठी व इंग्रजीचे शिक्षण घेतले. १९०१ मध्ये पतीच्या निधनानंतर काही काळ त्या सार्वजनिक जीवनापासून दूर राहिल्या. त्यानंतर वयाच्या चाळिशीत त्यांनी स्वतंत्रपणे कार्याला आरंभ केला आणि शिक्षिका व परिचारिका घडवणारी एक मोठी संस्था उभी केली. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे आत्मकथन मराठी साहित्यात महत्त्वाचे मानले जाते.

बालपण

रमाबाईंचा जन्म तत्कालीन सातारा जिल्ह्यातील (सध्या सांगली जिल्हा) देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना होते. घरातील वातावरण धार्मिक व परंपरानिष्ठ होते. त्या काळात मुलींना लिहिणे-वाचणे शिकवणे अनावश्यक समजले जाई, इतकेच नव्हे, तर शिकलेल्या स्त्रीला वैधव्य येते असा समजही समाजात रूढ होता. त्यामुळे घरची स्थिती चांगली असूनही त्यांना अक्षरओळख करून देण्यात आली नाही. घरकाम, सणवार, व्रतवैकल्ये आणि वडीलधाऱ्यांचा मान राखण्याचे वळण एवढेच त्यांचे बालपणीचे शिक्षण होते.

विवाह

महादेव गोविंद रानडे हे त्या वेळी पुण्यात न्यायाधीश होते. सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज आणि विधवाविवाहाची चळवळ यांतील त्यांच्या सहभागामुळे सुधारक म्हणून त्यांचे नाव झाले होते. १८७३ मध्ये त्यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाले. रानडे आता एखाद्या विधवेशी विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. मात्र तसे घडू नये म्हणून त्यांच्या वडिलांनी तातडीने दुसरे लग्न ठरवले. रानड्यांचा या लग्नाला विरोध होता. पण वडिलांचा शब्द त्यांना मोडता आला नाही. डिसेंबर १८७३ मध्ये यमुनेशी त्यांचा विवाह झाला. वधूचे वय ११ वर्षांचे आणि वराचे ३१ वर्षांचे होते. सासरी यमुनेचे नाव रमा ठेवण्यात आले.

उक्ती आणि कृती यांत अंतर पडल्याबद्दल रानड्यांवर त्या काळी मोठी टीका झाली. रमाबाईंच्या वाट्याला आलेले स्थानही अवघड होते. ज्या विवाहाबद्दल पतीला समाजात बोल लावला जात होता, त्या विवाहातील त्या वधू होत्या. घरात त्या वयाने लहान होत्या आणि पती विद्वान म्हणून सर्वत्र प्रसिद्ध होते.

शिक्षण

विवाहानंतर लगेचच रानड्यांनी पत्नीला पाटीवर मुळाक्षरे शिकवण्यास सुरुवात केली. पुढे पुण्याच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजमधील एका शिक्षिकेची घरी शिकवणी ठेवण्यात आली. मराठी वाचन, लेखन, गणित, इतिहास व भूगोल यांनंतर रानडे त्यांना स्वतः इंग्रजी शिकवू लागले. दिवसभर घरातील कामे आणि रात्री अभ्यास असा रमाबाईंचा क्रम असे.

या शिक्षणास घरातून तीव्र विरोध झाला. रानड्यांच्या एकत्र कुटुंबात सासू, नणंद आणि इतर नात्यांतील अनेक वडीलधाऱ्या स्त्रिया होत्या. रानड्यांना उघड विरोध करणे त्यांना शक्य नव्हते. त्यामुळे सर्व रोष सुनेवर निघे. शिकण्याचा नुसता देखावा करावा, प्रत्यक्षात मन घालू नये, म्हणजे नवरा हळूहळू नाद सोडेल, असा सल्ला त्यांना मिळत असे. मोठ्याने वाचन केल्यास टोमणे ऐकावे लागत. पुढे एका युरोपीय शिक्षिकेकडून इंग्रजीचे धडे घेताना सोवळ्याओवळ्याचा प्रश्न उभा राहिला आणि धडा संपल्यावर स्नान केल्याखेरीज घरात वावरण्यास त्यांना मज्जाव झाला.

रमाबाईंनी या विरोधाला उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. घरातील बोलणी पतीच्या कानावर घालायची नाहीत, असे त्यांनी ठरवले होते. या काळातील मनाची ओढाताण त्यांच्या आठवणींत स्पष्टपणे नोंदलेली आहे. आपण खरोखर शिकू शकू का, घरातील सर्वांना दुखावून शिकणे योग्य आहे का आणि एवढ्या विद्वान माणसाच्या अपेक्षेस आपण उतरू का, या शंका त्यांच्या मनात वारंवार येत. रानडे रागावून बोलत नसत. नाराज झाले की ते गप्प होत. हे मौन शब्दांहून अधिक बोचत असे, असे रमाबाईंच्या लेखनावरून दिसते.

सरकारी बदल्यांमुळे या कोंडीतून त्यांना काहीसा मोकळेपणा मिळाला. १८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला आणि १८७९ मध्ये धुळ्याला बदली झाली. पुढे दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीच्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी रानड्यांना पुणे, सातारा आदी जिल्ह्यांत फिरतीवर जावे लागे. या दौऱ्यांत रमाबाई बरोबर असत. एकत्र कुटुंबापासून दूर असलेल्या या दिवसांत त्यांचे वाचन वाढले. रानड्यांची दृष्टी अधू असल्याने त्यांना वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून दाखवण्याचे काम रमाबाईंकडे आले. या कामातून त्यांचे इंग्रजी सुधारले आणि देशातील घडामोडींची माहितीही त्यांना होत गेली.

१८८६ मध्ये रानड्यांची सरकारच्या वित्त समितीवर नेमणूक झाली. त्यानिमित्त कलकत्त्यात वास्तव्य असताना पतिपत्नी दोघेही बंगाली शिकले. रानडे दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला बंगाली शब्दांचे अर्थ विचारत. रमाबाईंनी त्याबद्दल त्यांची थट्टा केल्याचा प्रसंग आठवणींत आला आहे. मुळाक्षरे गिरवताना बुजणारी पत्नी आता पतीच्या बरोबरीने नवी भाषा शिकत होती आणि त्याची थट्टाही करू शकत होती.

सार्वजनिक जीवनात प्रवेश

नाशिक येथील वास्तव्यात रमाबाईंनी प्रथमच घराबाहेरील कामात भाग घेतला. हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्त्रियांना एकत्र आणणे आणि त्या वेळी काही वाचून दाखवणे, असा उपक्रम त्यांनी परिचित स्त्रियांच्या साहाय्याने केला. नाशिकमधील शाळेच्या बक्षीस समारंभात त्यांना पाहुण्या म्हणून बोलावण्यात आले. हे त्यांचे पहिले जाहीर भाषण होय. भाषणाचा मजकूर रानड्यांनी लिहून दिला होता.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांनी स्त्रियांच्या उन्नतीसाठी आर्य महिला समाजाची स्थापना केली. रमाबाई रानडे या समाजाच्या सभांना नियमितपणे जाऊ लागल्या. पंडिता रमाबाई संस्कृतच्या गाढ्या अभ्यासक होत्या आणि त्या पुरुषांच्या सभेत निर्भयपणे बोलत असत. स्त्री विद्वान असू शकते आणि कोणाचेही लिहिलेले न वाचता बोलू शकते, याचे प्रत्यक्ष उदाहरण रमाबाई रानडे यांच्यासमोर होते. या सभांना जाण्यावरून घरात पुन्हा वादळ उठले. परंतु त्यांनी जाणे थांबवले नाही.

पुण्यात मुलींसाठी माध्यमिक शाळा असावी, अशी मागणी रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. रा. गो. भांडारकर आदी मंडळींनी लावून धरली होती. या मागणीसाठी भरलेल्या सभेत मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचले. एका ब्राह्मण कुटुंबातील सुनेने पुरुषांनी भरलेल्या सभेत इंग्रजीतून बोलावे, ही घटना पुण्यात खळबळजनक ठरली. घरी परतल्यावर वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यांना कठोर शब्दांत सुनावले. १८८४ मध्ये ही शाळा सुरू झाली. ती पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध झाली.

या काळातील रमाबाईंचे सार्वजनिक कार्य पतीच्या आधाराने चाललेले होते. भाषणाचा विषय, मजकूर आणि प्रसंग हे बहुधा रानड्यांनी निवडलेले असत. लोकांसमोर उभे राहण्याचे धैर्य मात्र त्यांचे स्वतःचे होते आणि त्याची किंमतही घरात त्यांनाच मोजावी लागे.

मुंबईतील काळ

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि कुटुंब मुंबईस आले. पुण्याच्या तुलनेत मुंबईचे सामाजिक वातावरण मोकळे होते. पारशी, गुजराती व मराठी समाजांतील शिक्षित स्त्रियांशी रमाबाईंचा परिचय झाला. प्रार्थना समाज व आर्य महिला समाजाच्या कामात त्यांनी भाग घेतला. त्यांच्या पुढाकाराने हिंदू स्त्रियांसाठी एक सामाजिक व साहित्यिक मंडळ स्थापन झाले. या मंडळातर्फे भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम व हस्तकला यांचे वर्ग चालवले जात. वर्गांची आखणी करणे, शिकवणाऱ्या स्त्रिया मिळवणे आणि घरोघरी जाऊन विद्यार्थिनी गोळा करणे या कामांचा अनुभव त्यांना येथे मिळाला. पुढील आयुष्यातील संस्थात्मक कार्याची ही पूर्वतयारी ठरली.

वैधव्य आणि एकांतवास

१९०० पासून रानड्यांची प्रकृती खालावत गेली आणि १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रमाबाईंचे वय त्या वेळी ३८ वर्षांचे होते आणि त्यांना अपत्य नव्हते. २७ वर्षे ज्या व्यक्तीभोवती त्यांचे शिक्षण, दिनक्रम आणि सार्वजनिक जीवन उभे राहिले होते, ती व्यक्ती निघून गेली होती.

त्या मुंबई सोडून पुण्याला आल्या आणि मंडईजवळील रानड्यांच्या जुन्या वाड्यात राहू लागल्या. सुमारे वर्षभर त्यांनी जवळपास पूर्ण एकांतवास पत्करला. उच्चवर्णीय विधवेने समारंभात दिसू नये, मंगल प्रसंगी पुढे येऊ नये आणि व्रतस्थ आयुष्य कंठावे, अशी समाजाची अपेक्षा होती. पतीच्या हयातीत त्यांच्यावर टीका होत असली, तरी न्यायमूर्तींची पत्नी म्हणून त्यांना एक संरक्षण होते. आता ते उरले नव्हते. आजवर केलेल्या कामात आपला स्वतःचा वाटा किती, आणि मार्ग दाखवणारे कोणी नसताना आपल्याकडून काही होऊ शकेल का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

एकांतवासातून त्या हळूहळू बाहेर आल्या. आरंभी त्यांनी मोठे काम अंगावर घेतले नाही. येरवड्याच्या मध्यवर्ती तुरुंगातील स्त्री कैद्यांना त्या नियमितपणे भेटू लागल्या. या स्त्रियांशी बोलणे, त्यांना धार्मिक कथा वाचून दाखवणे आणि त्यांच्या मनात स्वतःबद्दलचा आदर जागा करणे हा या भेटींचा हेतू होता. मुलांच्या सुधारगृहातही त्या जात असत. रुग्णालयांत जाऊन त्या रुग्णांना फळे, फुले व पुस्तके देत. या कामासाठी सभा, भाषणे किंवा मोठा निधी लागत नव्हता. कोणाचीही परवानगी न घेता, स्वतःच्या निर्णयाने करता येईल असे हे त्यांचे पहिले कार्य होते.

डिसेंबर १९०४ मध्ये सामाजिक परिषदेच्या जोडीने मुंबईत भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्षपद रमाबाईंनी भूषवले. एका विधवेने भारतातील स्त्रियांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान स्वीकारणे ही त्या काळात असाधारण गोष्ट होती.

सेवासदन

स्थापना

समाजसुधारक बेहरामजी मलबारी व दयाराम गिडूमल यांनी स्त्रियांना सेवाकार्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थेची कल्पना मांडली. या संस्थेचे नेतृत्व रमाबाईंनी करावे, अशी विनंती त्यांनी केली. त्यानुसार १९०८ मध्ये मुंबईत सेवासदनाची स्थापना झाली. १९०९ मध्ये पुण्यातही सेवासदनाचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे सदस्य गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यासाठी मोलाची साथ मिळाली. रमाबाई अध्यक्षा आणि देवधर चिटणीस अशी कामाची वाटणी होती. आरंभीचे वर्ग रमाबाईंच्या राहत्या वाड्यातच भरत.

वाड्यात वर्ग भरवण्यामागे व्यावहारिक कारण होते. शाळेत जाण्यास संकोचणाऱ्या किंवा घरच्यांनी जाऊ न दिलेल्या स्त्रिया न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी मात्र येऊ शकत होत्या. एका प्रतिष्ठित, वयस्कर, धर्मनिष्ठ विधवेच्या देखरेखीखाली मुलीला किंवा सुनेला पाठवणे कुटुंबांना सुरक्षित वाटे. प्रौढ स्त्रियांचे वर्ग घरची कामे उरकल्यानंतर दुपारच्या वेळी घेतले जात. शिकण्याच्या मार्गात घरातील स्त्रियांसमोर कोणत्या अडचणी येतात, याचा रमाबाईंना स्वानुभव होता आणि वर्गांची रचना करताना तो उपयोगी पडला.

विस्तार

१९१५ मध्ये पुणे सेवासदनाची स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली. त्यानंतर कामाचा झपाट्याने विस्तार झाला. प्राथमिक शिक्षणाचे वर्ग, शिवण व हस्तकला, संगीत, प्रथमोपचार, स्त्री शिक्षिकांसाठी अध्यापन विद्यालय, तसेच परिचारिका व वैद्यकीय विद्यार्थिनी यांच्यासाठी वसतिगृहे असे विभाग सुरू झाले. पुण्याबाहेर सोलापूर आदी ठिकाणी शाखा निघाल्या.

शिक्षिका आणि परिचारिका या दोन व्यवसायांवर संस्थेने विशेष भर दिला. मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षिका मिळत नसत आणि पुरुष शिक्षक असलेल्या शाळेत मुलींना पाठवण्यास पालक तयार नसत. त्याचप्रमाणे स्त्री रुग्ण पुरुष डॉक्टरांकडे जाण्याचे टाळत. या दोन्ही क्षेत्रांत स्त्रियांची गरज मोठी होती आणि वेतनही मिळत होते. विशेषतः तरुण विधवांना माहेर किंवा सासरच्या आश्रयावर न राहता स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा मार्ग त्यामुळे उपलब्ध झाला.

परिचर्येचा प्रश्न

शिक्षिकेच्या कामाला समाजात काही प्रतिष्ठा होती. परिचारिकेच्या कामाला नव्हती. परक्या रुग्णांना स्पर्श करणे, मलमूत्र व रक्त हाताळणे, सर्व जातिधर्मांच्या लोकांमध्ये वावरणे आणि रात्रपाळी करणे या गोष्टी उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांना अशुद्ध व अप्रतिष्ठेच्या वाटत. त्यामुळे परिचर्येचे शिक्षण घेण्यास हिंदू स्त्रिया सहसा पुढे येत नव्हत्या.

सेवासदनाने पुण्याच्या ससून रुग्णालयात विद्यार्थिनींच्या प्रशिक्षणाची व्यवस्था केली आणि त्यांच्या राहण्यासाठी वसतिगृह काढले. पहिल्या विद्यार्थिनी मिळवणे हे सर्वांत कठीण काम होते. रमाबाईंना प्रत्येक मुलीच्या मनातील भीती दूर करावी लागे आणि तिच्या कुटुंबाचीही समजूत घालावी लागे. रुग्णसेवा ही धर्मकार्याइतकीच पवित्र आहे, अशी मांडणी त्या करत. परंपरेच्याच भाषेत नवा विचार सांगण्याची ही पद्धत त्यांच्या एकूण कार्यात दिसते. काही वर्षांत सेवासदनातून शिकलेल्या परिचारिका निरनिराळ्या रुग्णालयांत काम करू लागल्या आणि या व्यवसायाकडे पाहण्याची मध्यमवर्गीय समाजाची दृष्टी बदलू लागली.

सेवासदनाच्या एका वार्षिक संमेलनातील प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. पारंपरिक वेशातील, डोक्यावरून पदर घेतलेली एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षकांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. समारोपाचे भाषण करण्यास उभ्या राहिलेल्या रमाबाईंनी या विद्यार्थ्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. त्यांच्या स्वतःच्या घरात अशी एखादी बहीण, आत्या किंवा मावशी नाही काय, असे त्यांनी विचारले आणि त्यांच्या सुशिक्षितपणाबद्दलच प्रश्न उपस्थित केला. सभागृह शांत झाले. एकेकाळी पतीने लिहून दिलेले भाषण वाचणाऱ्या रमाबाईंनी या वेळी कोणत्याही पूर्वतयारीशिवाय, आपल्या संस्थेतील विद्यार्थिनीच्या बाजूने उभे राहून भाषण केले होते.

नेतृत्वाची पद्धत

सेवासदनाच्या कामात रमाबाईंनी वेगवेगळ्या विचारांच्या व्यक्तींना एकत्र आणले. देवधरांसारखे पूर्णवेळ कार्यकर्ते, डॉक्टर, शिक्षक, देणगीदार आणि विद्यार्थिनींमधूनच तयार झालेल्या कार्यकर्त्या यांच्या सहकार्यावर संस्था चालत होती. दैनंदिन हिशेब व सरकारी पत्रव्यवहार देवधर व इतर सहकारी पाहत. विद्यार्थिनींची निवड, वसतिगृहांतील शिस्त आणि कुटुंबांशी संपर्क यांत रमाबाईंचे विशेष लक्ष असे. शिकून तयार झालेल्या स्त्रियांकडेच पुढील वर्गांची जबाबदारी सोपवण्यात येत असे.

वर्गाबाहेरील सेवाकार्यातही त्या विद्यार्थिनींना सहभागी करून घेत. आषाढी व कार्तिकी एकादशीच्या निमित्ताने आळंदीला येणाऱ्या स्त्री यात्रेकरूंच्या मदतीसाठी त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जात. १९१३ मध्ये गुजरात व काठेवाडातील दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यासाठी त्यांनी तेथे दौरा केला. घराचा उंबरठा ओलांडण्यास घाबरणाऱ्या स्त्रियांना गर्दीत, अनोळखी लोकांमध्ये काम करण्याचा अनुभव अशा प्रसंगांतून मिळत असे.

सक्तीचे शिक्षण आणि मताधिकार

१९१८ मध्ये मुंबई प्रांतात नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. पुणे नगरपालिकेत या विषयावर चर्चा सुरू झाली, तेव्हा पैशांच्या अडचणीमुळे आधी केवळ मुलांचे शिक्षण सक्तीचे करावे, असे एका गटाचे मत होते. मुलामुलींना एकाच वेळी सक्तीचे शिक्षण मिळावे, अशी रमाबाई व त्यांच्या सहकाऱ्यांची मागणी होती. या प्रश्नावर पुण्यात मोठा वाद झाला. रमाबाईंच्या नेतृत्वाखाली पुण्यातील स्त्रियांनी रस्त्यावरून मिरवणूक काढून आपली मागणी मांडली. पुण्यातील मध्यमवर्गीय स्त्रियांनी सार्वजनिक प्रश्नासाठी अशा प्रकारे रस्त्यावर येणे ही त्या काळी नवी गोष्ट होती.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने स्त्रियांना मताधिकार द्यावा की नाही, याचा निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला होता. मुंबई प्रांतात स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठी झालेल्या चळवळीत रमाबाईंनी पुढाकार घेतला. १९२१ मध्ये मुंबई कायदेमंडळाने पात्रतेच्या अटींसह स्त्रियांना मताधिकार देण्याचा निर्णय घेतला. फिजी व केनिया येथील भारतीय मजुरांच्या हालअपेष्टांविरुद्धही रमाबाईंनी आवाज उठवला होता.

लेखन

रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती रानडे यांचे खासगी जीवन, स्वभाव व दिनक्रम वाचकांपुढे ठेवणे हा या लेखनाचा उद्देश होता. प्रत्यक्षात हे पुस्तक एका स्त्रीच्या घडणीचीही हकिकत आहे. एकत्र कुटुंबातील ताणतणाव, स्त्रियांचे आपसांतील संबंध, शिक्षणासाठी सोसावे लागलेले टोमणे आणि स्वतःच्या चुकांची प्रांजळ कबुली यांमुळे ते एकोणिसाव्या शतकातील मराठी कौटुंबिक जीवनाचा महत्त्वाचा दस्तऐवज ठरले आहे. भाषा साधी, घरगुती आणि प्रवाही आहे.

या आठवणी रानड्यांच्या निधनापाशी थांबतात. त्यानंतरच्या सुमारे तेवीस वर्षांत रमाबाईंनी स्वतः उभ्या केलेल्या कार्याबद्दल त्यांनी असे सविस्तर आत्मपर लेखन केले नाही. त्यामुळे त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मुख्यतः संस्थेच्या इतिहासावरून आणि समकालीनांच्या लेखनावरून समजून घ्यावा लागतो.

या पुस्तकाचे इंग्रजी अनुवाद झाले आहेत. कॅथरीन गेट्स यांचा अनुवाद १९३८ मध्ये न्यूयॉर्क येथे, तर कुसुमावती देशपांडे यांचा अनुवाद १९६३ मध्ये भारतात प्रसिद्ध झाला. रानड्यांची धर्मपर व्याख्याने आणि त्यांच्या संकीर्ण इंग्रजी लेखांचा संग्रह (१९१५) प्रकाशित करण्याचे कामही रमाबाईंनी केले.

मृत्यू आणि स्मृती

१९२४ मध्ये रमाबाई रानडे यांचे निधन झाले. त्या वेळी पुणे सेवासदनात एक हजारांहून अधिक स्त्रिया शिक्षण घेत होत्या. त्यांच्या निधनानंतर महात्मा गांधी यांनी लेख लिहून त्यांना आदरांजली वाहिली. गोपाळ कृष्ण देवधर व इतर सहकाऱ्यांनी पुढे सेवासदनाचे काम चालू ठेवले. पुण्यात या संस्थेच्या शाळा आजही कार्यरत आहेत.

रमाबाईंच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले. त्यांच्या जीवनावर आधारित ‘उंच माझा झोका’ ही मराठी दूरचित्रवाणी मालिका २०१२ मध्ये झी मराठी वाहिनीवर प्रसारित झाली. या मालिकेमुळे त्यांचे चरित्र नव्या पिढीपर्यंत पोहोचले.

मूल्यमापन

रमाबाई रानडे यांचा उल्लेख दीर्घकाळ प्रामुख्याने न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी म्हणून होत राहिला. त्यांच्या आठवणींतील पतिभक्तीच्या सुरामुळे या समजाला बळ मिळाले. स्त्री-इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र त्यांच्या आयुष्याचा दुसरा टप्पा स्वतंत्रपणे पाहण्याची आवश्यकता दाखवून दिली आहे. रानड्यांनी त्यांना शिक्षण दिले. परंतु सेवासदनाची उभारणी रानड्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी पुण्यात सुरू झाली आणि तिची जबाबदारी रमाबाईंनी स्वतःच्या निर्णयाने स्वीकारली.

त्यांच्या कार्याला काही मर्यादाही होत्या. संस्थेचा लाभ आरंभी मुख्यतः शहरी, उच्चवर्णीय व मध्यमवर्गीय स्त्रियांना झाला. विवाहसंस्था, धर्म आणि कुटुंब यांच्या चौकटीवर त्यांनी थेट प्रहार केला नाही. या बाबतीत धर्मांतर करून वेगळा मार्ग निवडणाऱ्या पंडिता रमाबाई किंवा स्वतः विधवेशी विवाह करून विधवांसाठी आश्रम काढणारे धोंडो केशव कर्वे यांच्यापेक्षा त्यांची वाट सौम्य होती. मात्र याच सौम्यपणामुळे, ज्या घरांची दारे इतर सुधारकांना बंद होती, तेथील स्त्रियांपर्यंत त्या पोहोचू शकल्या.

विधवेला सार्वजनिक जीवनात स्थान नाही, असे मानणाऱ्या समाजात त्यांनी विधवांनाच शिक्षिका व परिचारिका म्हणून प्रतिष्ठेचे स्थान मिळवून दिले. महाराष्ट्रातील स्त्रियांच्या व्यावसायिक शिक्षणाच्या इतिहासात पुणे सेवासदनाचे आणि त्याच्या संस्थापक-अध्यक्षा म्हणून रमाबाई रानडे यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.